समभाग विकले तरी दुसरा कोणीतरी ते घेतोच, मग विद्यापीठांकडे ही मागणी कशासाठी?

शांभवी :

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या विद्यार्थी परिषदेपुढे लवकरच एक ठराव येणार असून, विद्यापीठाने आपल्या स्थायी निधीतून (देणग्या गुंतवून जपलेल्या कायमच्या निधीतून) ‘इस्रायलशी आर्थिक संबंध असलेल्या सर्व कंपन्यांमधील’ गुंतवणूक काढून घ्यावी, अशी मागणी त्यात आहे. ठरावाच्या समर्थनार्थ सही करण्याची विनंती माझ्याकडे आली आहे आणि मी ती अद्याप केलेली नाही. गाझात जे घडले ते पाहून स्वस्थ बसवत नाही, हे खरे. परंतु अस्वस्थ वाटते म्हणून समोर येईल त्या कागदावर सही करावी, हेही मनाला पटत नाही.

माझी मुख्य अडचण साधी आहे. शेअर बाजारात विकणाऱ्याला घेणारा लागतोच. विद्यापीठाने उद्या बुलडोझर बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीचे समभाग विकले, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात जमा होतील. कंपनीच्या तिजोरीतून एक डॉलरही कमी होणार नाही आणि वेस्ट बँकेतल्या एखाद्या घरापुढे उभा असलेला बुलडोझर मागे फिरणार नाही. उलट, समभागधारक म्हणून कंपनीला जाब विचारण्याचा जो काही अधिकार विद्यापीठाकडे होता, तोही हातचा जाईल. शिवाय ‘आमच्याकडे या कंपन्यांचे थेट समभाग नाहीतच’ असे उत्तर आमच्या प्रशासनाने आधीच देऊन टाकले आहे. यात वस्तुस्थिती किती आणि पळवाट किती, हे मला ओळखता येत नाही. इतर विद्यापीठांत अशा मागण्यांचे पुढे काय झाले, हे ज्यांनी बारकाईने पाहिले असेल त्यांनी कृपया सांगावे. संघर्षाचा संपूर्ण इतिहास येथे उगाळू नये, एवढी विनंती.

जमाखर्च :

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण संस्थांचे निधी सांभाळणाऱ्या व्यवसायात मी काही वर्षे काढली आहेत. मोठ्या अमेरिकी विद्यापीठाचा निधी ही बँकेतली ठेव नसते. हार्वर्डचा निधी २०२४ मध्ये ५३ अब्ज डॉलरच्या पुढे होता आणि येलचा ४१ अब्जांच्या आसपास. पण एवढ्या रकमेचे समभाग विद्यापीठातला कोणी अधिकारी बसून निवडत नाही. पैसा बाहेरच्या व्यवस्थापकांकडे सोपवला जातो, ते तो हेज फंड, खासगी इक्विटी, सूचकांकावर चालणारे निधी अशा सामूहिक गुंतवणुकीच्या प्रकारांत विभागून ठेवतात आणि त्यांनी आज काय घेतले, काय विकले, हे अनेकदा करारानेच गोपनीय राहते. त्यामुळे ‘थेट समभाग नाहीत’ हे विधान बहुधा अक्षरशः खरे असते. भाडेकरू आत काय करतो ते मला ठाऊक नाही, असे सांगणारा घरमालक खोटे बोलत नसतो. पण भाडेकरारावर सही त्याचीच असते.

या विषयातले सर्वांत शिकवणारे उदाहरण ब्राउन विद्यापीठाचे आहे. एप्रिल २०२४ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी निषेधासाठी आवारात उभारलेले तंबू काढले आणि त्याच्या बदल्यात या मागणीवर विश्वस्त मंडळात रीतसर मतदान घेण्याचे प्रशासनाने मान्य केले. मागणी मर्यादित होती. बोईंग, नॉर्थ्रॉप ग्रमन, मोटोरोला सोल्यूशन्स, व्होल्वो अशा एकूण १० कंपन्यांचीच नावे तिच्यात होती. तरीही सल्लागार समितीने आठ विरुद्ध दोन मतांनी प्रतिकूल शिफारस केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये विश्वस्तांनी मागणी फेटाळली. त्यांच्या कारणमीमांसेचा आशय असा होता की, या कंपन्यांत ब्राउनची थेट गुंतवणूक नाही आणि अप्रत्यक्ष गुंतवणूक इतकी थोडी आहे की तिच्यामुळे सामाजिक हानी होते असे म्हणता येणार नाही. दरम्यान २४ राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी (राज्यांच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) विद्यापीठाला इशाऱ्याचे पत्र पाठवले होते आणि असे मतदान मुळात घेतलेच जाते, याच्या निषेधार्थ एका विश्वस्तांनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला होता. मला त्या कारणमीमांसेत एक गंमत दिसते. गुंतवणूक नगण्य असेल, तर ती सोडल्याने होणारा तोटाही नगण्यच असला पाहिजे. मग विरोध एवढ्या मोठ्या पातळीवरून का व्हावा? सारे भांडण पैशाविषयी नव्हते, हे दोन्ही बाजूंना पुरते ठाऊक होते.

आता आपल्या ठरावातल्या ‘सर्व कंपन्या’ या शब्दांविषयी. मे २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुख्य गुंतवणूक अधिकाऱ्यांनी तेथील नियामक मंडळापुढे हिशेब मांडला होता. विद्यापीठाची एकूण मालमत्ता सुमारे १७५ अब्ज डॉलर आणि आंदोलकांच्या मागण्या शब्दशः मानल्या तर त्यातील ३२ अब्ज डॉलर बाहेर काढावे लागतील, असे ते म्हणाले. त्या ३२ अब्जांपैकी शस्त्रनिर्मात्यांशी संबंधित रक्कम होती ३.३ अब्ज, याउलट १२ अब्ज डॉलर अमेरिकी सरकारच्या रोख्यांत होते आणि उरलेल्यांत ब्लॅकस्टोनसारख्या वित्तसंस्थांपासून कोका-कोलापर्यंत अनेक नावे होती. हिशेब बरोबर होता, पण त्याचा परिणाम काय झाला तो पाहा. मागणी जितकी रुंद, तितकी ती ‘अव्यवहार्य’ म्हणून बाजूला सारणे प्रशासनाला सोपे गेले.

मागील पान :

‘घेणारा असतोच’ हा आक्षेप दक्षिण आफ्रिकेच्या वेळीही याच शब्दांत घेतला जात होता, म्हणून थोडे मागे जाऊन पाहणे उपयुक्त ठरेल. कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल १९८५ मध्ये हॅमिल्टन हॉलचे दार सुमारे तीन आठवडे अडवून धरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांनी वर्णद्वेषी राजवटीत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. (एप्रिल २०२४ मध्ये विद्यार्थी पुन्हा त्याच इमारतीत शिरले, तेव्हा त्यांना हा वारसा ठाऊक होता, या वेळी मात्र एका दिवसाच्या आतच पोलीस आले.) १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ३.१ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीबाबत तसाच निर्णय केला.

याचा समभागांच्या किमतींवर काय परिणाम झाला? जवळजवळ काहीच नाही. सिउ हाँग टिओ, आयव्हो वेल्च आणि पॉल वझान यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत नेहमी पुढे केला जातो आणि त्याचा निष्कर्ष हाच आहे की, बहिष्काराचा व निर्गुंतवणुकीचा (म्हणजे गुंतवणूक काढून घेण्याचा) वित्तीय बाजारावर लक्षणीय परिणाम दिसत नाही. म्हणजे शांभवी यांचे गणित बरोबर आहे. पण दक्षिण आफ्रिकेला खरा फटका बसला तो दुसऱ्या दारातून. १९८५ च्या उन्हाळ्यात चेस मॅनहॅटन बँकेने तिथली अल्पमुदतीची कर्जे पुढे चालू ठेवण्यास नकार दिला, मागोमाग इतर बँकाही सरकल्या आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष रीगन यांचा नकाराधिकार ओलांडून निर्बंधांचा कायदा संमत केला. विद्यापीठांच्या ठरावांमुळेच हे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्या देशाशी व्यवहार ठेवणे ही बातमी होते आणि तिचे स्पष्टीकरण द्यावे लागते, अशी हवा मात्र त्या ठरावांनी तयार केली.

पॅलेस्टाईनच्या बाबतीत आजवर एवढे घडलेले नाही. पॅलेस्टिनी नागरी संघटनांनी बहिष्कार, निर्गुंतवणूक आणि निर्बंध यांचे आवाहन ९ जुलै २००५ रोजी केले. त्यानंतर २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशर कॉलेजने एका निधीतून पैसा काढला, तेव्हा विद्यार्थ्यांनी तो पहिला विजय म्हणून साजरा केला आणि प्रशासनाने तातडीने खुलासा केला की हा निर्णय इस्रायलविषयी नसून तो निधी आमच्या सामाजिक जबाबदारीच्या धोरणात बसत नव्हता, इतकेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मार्च २०१० मध्ये विद्यार्थी सिनेटने जनरल इलेक्ट्रिक व युनायटेड टेक्नॉलॉजीज यांच्याविरुद्धचा ठराव १६ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विद्यार्थी अध्यक्षांनी तो नाकारला आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी लढ्याचे नेते डेस्मंड टूटू यांनी पाठिंब्याचे पत्र पाठवूनही तो नकार उलटवण्याइतकी मते मिळाली नाहीत. विद्यार्थ्यांचा ठराव आणि विश्वस्तांचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या परिषदेत कोणी विसरू नये.

उलटतपासणी :

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. तरीही ते एका गृहीतकावर उभे आहेत, ते असे की मागणी न्याय्य आहेच, केवळ मार्ग शोधायचा आहे. मला ते मान्य नाही आणि हे मी गाझातील जीवितहानी हलकी लेखून म्हणत नाही.

विद्यापीठाच्या तटस्थतेविषयीचा शिकागो विद्यापीठाचा १९६७ चा कॅल्व्हन अहवाल सांगतो की, मतभेद व टीका हे व्यक्तीचे, म्हणजे प्राध्यापकाचे किंवा विद्यार्थ्याचे काम आहे. संस्थेने स्वतः पक्ष घेतला, तर तिच्या छत्राखाली वेगळे मत बाळगणाऱ्याची जागा आकसते. प्रत्यक्षात हेच होताना मी पाहिले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यांतील एकाची नातेवाईक असलेली मुलगी आमच्या वर्गात होती. विद्यापीठाने अधिकृतपणे ‘इस्रायलशी संबंधित सारे काही’ अस्पृश्य ठरवले असते, तर त्या मुलीने त्या वर्गात कसे बसायचे? लॅरी समर्स यांनी हार्वर्डचे अध्यक्ष असताना २००२ मध्ये अशा मागण्यांविषयी म्हटले होते की, त्या हेतूने नसल्या तरी परिणामाने यहुदीद्वेषी ठरू शकतात. हे विधान मला सरसकट मान्य नाही, परंतु ते उडवून लावण्यासारखेही नाही. २००५ च्या आवाहनात निर्वासितांच्या परतीच्या हक्काचा समावेश आहे आणि त्याचा अर्थ ज्यू बहुसंख्य राष्ट्राचा शेवट, असा अनेक जण लावतात. सही करणाऱ्याने मूळ आवाहन वाचले आहे का, हे विचारण्याचा मला अधिकार आहे.

शिवाय जगात इतर ठिकाणीही भूभाग बळकावले गेले आहेत. त्यांच्याविषयी तंबू का उभे राहत नाहीत?

मागील पान :

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. अमेरिकी विद्यार्थी ज्या राज्यसत्तेला कर भरतात, तीच सत्ता इस्रायलला शस्त्रे पुरवते. त्यामुळे आपला हात कुठे लागला आहे हे त्यांनी आधी तपासावे, यात पक्षपात दिसत नाही. कॅल्व्हन अहवालाविषयी मात्र एक राहून गेले. अपवादात्मक प्रसंगी संस्थेची मालमत्ता व तिचे आर्थिक व्यवहार हे सामाजिक मूल्यांशी इतके विसंगत ठरू शकतात की त्यांचा गांभीर्याने विचार करावा लागेल, ही शक्यता त्या अहवालानेही मोकळी ठेवली आहे. निधी गुंतवणे हीसुद्धा एक कृती आहे. तिला तटस्थता म्हणता येईल का, हाच तर वादाचा विषय आहे. वर्गात बसणाऱ्या त्या मुलीचा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. राष्ट्र ही कसोटी धरली की माणसे कचाट्यात सापडतात. कृत्य ही कसोटी धरली तर निदान कमी सापडतील.

कलमबहाद्दर :

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते, कारण शांभवी यांचे विद्यापीठ सरकारी असल्यास त्या निर्णायक ठरू शकतात. अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांनी इस्रायलविरोधी बहिष्काराला आळा घालणारे कायदे किंवा आदेश काढले आहेत. अर्कान्सामध्ये एका वृत्तपत्राला सरकारी महाविद्यालयाची जाहिरात मिळवण्यासाठी ‘आम्ही इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही’ असे लिहून द्यावे लागणार होते. वृत्तपत्राने ते नाकारून दावा लावला. आठव्या सर्किटच्या (म्हणजे त्या विभागाच्या केंद्रीय) अपील न्यायालयाने जून २०२२ मध्ये कायदा वैध ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला. बहिष्कार हे घटनेने संरक्षित अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असा १९८२ चा सर्वोच्च न्यायालयाचाच एक निकाल असूनही ही स्थिती आहे. आपल्या राज्याचा कायदा वाचल्याशिवाय ठरावाचा मसुदा पक्का करू नये.

दुसरी गोष्ट शांभवी यांच्या बुलडोझरविषयीची. रेचल कॉरी ही अमेरिकी तरुणी १६ मार्च २००३ रोजी रफाह येथे इस्रायली सैन्याच्या कॅटरपिलर बुलडोझरखाली सापडून मरण पावली. तिच्या पालकांनी व काही पॅलेस्टिनी कुटुंबांनी कंपनीवर दावा लावला, तेव्हा २००७ मध्ये नवव्या सर्किटच्या न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला; कारण त्या यंत्रांचे पैसे अमेरिकी सरकारने दिले होते आणि दाव्यात शिरणे म्हणजे परराष्ट्र धोरणाचा न्याय करणे झाले असते. न्यायालयाचे दार बंद झाले म्हणूनच लोक समभागधारकांच्या दाराशी गेले, असे मी मानतो. रेचल ज्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजमध्ये शिकत होती, त्याच कॉलेजने २०२४ च्या वसंतात विद्यार्थ्यांशी निर्गुंतवणुकीबाबत लेखी समझोता केला. नॉर्वेच्या सरकारी निवृत्तिवेतन निधीने ऑगस्ट २०२५ मध्ये कॅटरपिलरला वगळले, तेव्हा त्या निधीकडे कंपनीचे सुमारे दोन अब्ज डॉलरचे समभाग होते. यंत्रे पुरवली म्हणून नुसता ठपका न ठेवता, तीच यंत्रे हक्कभंगासाठी वापरली जात आहेत आणि कंपनी ते रोखण्यासाठी काही करत नाही, असा नेमका आरोप त्या निधीच्या नीतिसमितीने केला होता. ‘जाब विचारण्याचा अधिकार जाईल’ या शांभवी यांच्या शंकेला यातच काहीसे उत्तर आहे. एवढा मोठा समभागधारक जेव्हा कारण जाहीर करून निघून जातो, तेव्हा ते कारण इतर गुंतवणूकदारांच्या टेबलावर येऊन पडते. विद्यापीठाचा हिस्सा त्यापुढे कणभर असतो, म्हणून त्याचे जाहीर कारणच काय ते मोलाचे.

शांभवी :

सर्वांचे आभार. ‘उलटतपासणी’ यांच्या प्रतिसादाने मी अधिक अडचणीत आले, हे कबूल करते. कृत्य ही कसोटी धरायची, तर ती कोणी आखून दिलेली आहे का? विद्यार्थी परिषदेने आपल्या मनाने कंपन्यांची यादी केली, तर ती पहिल्याच बैठकीत फाडली जाईल.

जमाखर्च :

तयार मोजपट्ट्या आहेत, पण प्रत्येकीला काही ना काही मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाने इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायली वसाहतींशी ठरावीक प्रकारचे व्यवहार असणाऱ्या ११२ कंपन्यांची यादी फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केली आणि सप्टेंबर २०२५ च्या सुधारणेनंतर तिच्यात १५८ नावे झाली. एअरबीएनबी, बुकिंग आणि मोटोरोला सोल्यूशन्स ही नावे सुरुवातीपासूनची. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने मे २०२४ मध्ये आंदोलन मिटवताना याच यादीचा आधार घेतला होता. व्याप्त प्रदेशात व्यवसाय करणाऱ्या आणि या यादीत असणाऱ्या इस्रायली कंपन्यांतून बाहेर पडण्याचे त्यांनी मान्य केले. या यादीतून सुटकाही होते, हे विशेष. जनरल मिल्सने २०२२ मध्ये तिथल्या कारखान्यातला हिस्सा विकला (आमचे कारण निव्वळ व्यावसायिक, असे कंपनीचे म्हणणे) आणि २०२३ च्या सुधारणेत तिचे नाव वगळले गेले. मर्यादा अशी की, ही यादी वसाहतींपुरती आहे. शस्त्रनिर्माते तिच्यात आपोआप येत नाहीत.

शस्त्रांसाठी दुसरा मार्ग सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाने २०२४ मध्ये काढला. ज्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा ५ टक्क्यांहून अधिक भाग शस्त्रनिर्मितीतून येतो त्या वगळायच्या, असे साधे वाक्य. त्यात कोणत्याही देशाचे नाव नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणातही व्याप्तीसारखी बेकायदा मानली जाणारी कृत्ये आणि शस्त्रनिर्मिती अशीच भाषा आहे.

कलमबहाद्दर :

याला एक पुरवणी. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी दिलेल्या सल्लागार मतात व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्व बेकायदा ठरवले असून, ती स्थिती टिकवण्यास साहाय्य न करण्याचे कर्तव्य इतर राज्यांवर टाकले आहे. ते मत राज्यांना उद्देशून आहे, विद्यापीठांना नाही. ठरावात ‘आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा आदेश’ असे लिहिले, तर विरोधक तेवढीच चूक धरून बसतील.

उलटतपासणी :

देशाचे नाव नसलेली ५ टक्क्यांची अट असेल, तर मी विरोधात मत देणार नाही. पाठिंबाही देईनच असे नाही.

मागील पान :

मी थोडा वेगळा इशारा देतो. ब्राउनची मागणीही अरुंदच होती आणि तरी ती फेटाळली गेली. शब्द घासूनपुसून घेतल्याने विश्वस्त वळतील, या भरवशावर राहू नका. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने, आवारातील यहुदीद्वेष रोखला नाही असा ठपका ठेवून, कोलंबियाचे ४० कोटी डॉलरचे अनुदान रोखले आणि त्या विद्यापीठाने जुलैमध्ये २२ कोटींहून अधिक रक्कम देण्याचे मान्य करून समझोता केला. तेव्हापासून प्रत्येक विश्वस्त मंडळ या भीतीखाली मतदान करत आहे. आणि मागणी अरुंद करताना, गाझाचे नावच कागदावरून पुसले गेले, तर हा ठराव मुळात कशासाठी आणला, असे तुमचेच सहकारी विचारतील. तो प्रश्न रास्त असेल.

शांभवी :

काल मसुदा समितीच्या बैठकीला गेले होते. ‘इस्रायलशी आर्थिक संबंध असलेल्या सर्व कंपन्या’ हे शब्द काढून, त्या जागी संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील कंपन्या आणि ५ टक्क्यांची अट असे दोन भाग घालण्याची सूचना मी मांडली. गाझा आणि वेस्ट बँक यांचा उल्लेख प्रस्तावनेत ठेवावा, ७ ऑक्टोबरचाही ठेवावा, असेही सुचवले. शेवटच्या मुद्द्यावर तासभर वाद झाला आणि तो अनिर्णीत राहिला. मात्र एक कलम एकमताने वाढवले गेले. बाहेरच्या व्यवस्थापकांकडे असलेल्या गुंतवणुकीची यादी विद्यापीठाने वर्षातून एकदा प्रसिद्ध करावी, ही मागणी आता ठरावात पहिल्या क्रमांकावर आहे. राज्याचा कायदा एक सहकारी तपासून पाहत आहे. सही मी अजून केलेली नाही. सुधारित मसुदा गुरुवारी हाती येईल.